बरोबरीचे विलीनीकरण : एका फसलेल्या सोयरिकीची कथने आणि किंमत

डेमलर-बेन्झ आणि क्रायस्लर या दोन मोटार कंपन्यांचे १९९८ साली झालेले विलीनीकरण आज व्यवस्थापनाच्या वर्गात 'कसे करू नये' याचा धडा म्हणून शिकवले जाते. धड्याचे उत्तरही ठरलेले असते : संस्कृतिसंघर्ष. जर्मन शिस्तीचे, अमेरिकन मोकळेढाकळे. जर्मनांना अहवाल जाडजूड लागत, अमेरिकनांना चार ओळी पुरत. दोघांचे जमले नाही आणि नऊ वर्षांनी काडीमोड झाला. हे उत्तर लक्षात ठेवायला सोपे आहे, परीक्षेत गुणही देते. माझे म्हणणे असे आहे की ते अपुरे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सोयीचे आहे. संस्कृती ही कुणाची सही नसते. सगळा दोष संस्कृतीवर टाकला की सही करणारे सुटतात, आणि त्या सहीची किंमत ज्यांनी मोजली ते गोष्टीतून गळून पडतात.

मी व्यवस्थापनाचा पदवीधर नाही. भोसरीच्या एका लहान कारखान्यात मी अठरा वर्षे स्टोअर सांभाळले. मोठ्या गाडी-कंपनीच्या पुरवठादाराला पुरवठा करणाऱ्याला पुरवठा करणारा, असा तो कारखाना. वाचन जे झाले ते रद्दीतून, वाचनालयातून आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून. त्यामुळे या प्रकरणाकडे मी पाहतो ते संचालक मंडळाच्या खोलीतून नव्हे, तर माल उतरवायच्या फाटकातून. तिथून काही गोष्टी वेगळ्या दिसतात.

या दोन्ही कंपन्या आपल्याला परक्याही नाहीत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या. टेल्कोने १९५४ पासून जमशेदपूरला ज्या ट्रकांवर तीन टोकांचा तारा लावला ते डेमलर-बेन्झचे. पुढे १९९४ साली टेल्कोच्याच भागीदारीत मर्सिडीज पुण्याला आली, आणि विलीनीकरणानंतर काही वर्षे पिंपरी-चिंचवडच्या त्या कारखान्यावर 'डेमलरक्रायस्लर इंडिया' हे नाव होते. सातासमुद्रापलीकडच्या लग्नाचे आडनाव आपल्या गावातल्या पाटीवर आले आणि पुसलेही गेले.

आधी घटना. ७ मे १९९८ रोजी लंडनमध्ये घोषणा झाली. व्यवहार सुमारे ३६ अब्ज डॉलरचा, रोखीचा नव्हे तर भागांच्या अदलाबदलीचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये नवी कंपनी अस्तित्वात आली. तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार माणसे कामाला होती. स्टुटगार्टचे युर्गेन श्रेम्प आणि डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्सचे रॉबर्ट ईटन असे दोन सह-अध्यक्ष. आणि या सगळ्यावर एक शब्दप्रयोग, पुन्हा पुन्हा उच्चारला गेलेला : बरोबरीच्यांचे विलीनीकरण.

आता करारातल्या तरतुदी पाहू. नव्या कंपनीतले सुमारे ५७ टक्के भाग डेमलरच्या भागधारकांकडे. कंपनी जर्मन कायद्याखाली नोंदलेली. नावात डेमलर आधी, क्रायस्लर मागे. अठरा जणांच्या कार्यकारी मंडळात क्रायस्लरचे आठ, उरलेले दहा जर्मन बाजूचे. आणि ईटन यांनी आरंभीच जाहीर केलेले की आपण तीन वर्षांच्या आत बाजूला होऊ. दोन अध्यक्षांपैकी एकाने जाण्याची तारीख सांगून टाकली, तर उरलेल्याला बरोबरीचा कोण म्हणणार? ईटन मार्च २००० अखेर गेले. त्याआधीच, १९९९ च्या सप्टेंबरात, क्रायस्लरचे अध्यक्ष टॉमस स्टॉलकॅम्प यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेले जेम्स होल्डन नोव्हेंबर २००० मध्ये काढले गेले आणि स्टुटगार्टहून डीटर झेट्शे डेट्रॉइटला रवाना झाले. म्हणजे संस्कृतींना भांडायला पुरेसा वेळ मिळण्याआधीच सत्तेचा प्रश्न निकालात निघाला होता. तो कागदावरच निघालेला होता.

इथे मराठी भाषा आपल्याला एक गोष्ट शिकवते. इंग्रजीतल्या त्या शब्दातून दिशा कळत नाही. दोन नद्या मिळाव्यात तसे चित्र उभे राहते. आपला 'विलीनीकरण' हा शब्द इतका भोळा नाही. जो विलीन होतो तो कुणात तरी विलीन होतो. वाक्याला सप्तमी लागतेच. आपण हा शब्द शिकलो तो संस्थानांच्या काळात. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, मुंबई राज्य कोल्हापुरात नव्हे. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला तो गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर, आणि नको म्हणणाऱ्यांना 'विलीन' या शब्दात काय विरघळणार ते नेमके कळलेले होते. २०२१-२२ च्या संपात एस.टी. कामगारांनी विलीनीकरण मागितले तेही शासनात. त्यांना विरघळायचेच होते, कारण पगाराची हमी त्या पाण्यात होती. तिन्ही वेळी कोण कुणात जाणार हे उघड होते, म्हणून हो-नाही करता आले. 'बरोबरीच्यांचे विलीनीकरण' हा प्रयोग मराठीत नीट उभाच राहत नाही. व्याकरणच विचारते : कुणात?

हा प्रश्न डेट्रॉइटमध्ये वेळेवर विचारला गेला नाही. त्याचे उत्तर श्रेम्प यांनी स्वतःच ऑक्टोबर २००० मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत दिले. आशय असा की क्रायस्लर हा आपल्या कंपनीचा एक विभाग व्हावा हेच आपल्याला आरंभापासून हवे होते, पण तसे उघड म्हटले असते तर व्यवहार झाला नसता, म्हणून वळसा घ्यावा लागला. पुढच्याच महिन्यात क्रायस्लरचे मोठे भागधारक कर्क कर्कोरियन यांनी अब्जावधी डॉलरचा दावा लावला. इतर भागधारकांशी कंपनीने २००३ साली ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कर्कोरियन यांचा दावा मात्र २००५ साली डेलावेअरच्या न्यायालयाने फेटाळला. फसवणूक सिद्ध झाली नाही, असा निकाल लागला.

या निकालाने प्रकरण मिटते असे मानणारे आहेत. मला तो निकाल वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. खटल्याचा प्रश्न एवढाच होता की भागधारकाला त्याच्या भागाची किंमत खोट्या बोलण्यामुळे कमी मिळाली का. त्या शब्दाने पुरवठादाराचे काय झाले, ज्याच्या कारखान्याला टाळे लागले त्याचे काय झाले, हे त्या चौकटीत बसतच नव्हते. कायद्याने 'बरोबरी'चा अर्थ तपासला तो भाग धारण करणाऱ्यांपुरता.

पुस्तकांनी काय केले? बिल व्लासिक आणि ब्रॅडली स्टर्ट्झ या डेट्रॉइटच्या दोन पत्रकारांचे 'टेकन फॉर अ राइड' हे २००० साली आले. आतल्या बातम्यांच्या बळावर उभे राहिलेले, वेगवान, आजही वाचनीय. पण शीर्षकापासूनच ते एका बाजूचे आहे : डेमलरने क्रायस्लर पळवली. पळवून नेलेल्या मालमत्तेची गोष्ट सांगताना ती मालमत्ता स्वतःहून गाडीत कशी बसली, यावरचा भर साहजिकच कमी होतो. शिवाय पुस्तक संपते तिथे परिणामांना नुकती सुरुवात होत होती. डेव्हिड वॉलर यांचे 'व्हील्स ऑन फायर' पुढच्या वर्षीचे. दोन्ही पुस्तकांची अडचण एकच, आणि ती त्यांच्या लेखकांचा दोष नव्हे, तर प्रकाराचा. अशा पुस्तकांचे नायक-खलनायक विमानात, हॉटेलात आणि बैठकीच्या खोल्यांत भेटतात. तेथून फाटक दिसत नाही.

आणि संस्कृतिसंघर्षाच्या उत्तराला पुराव्यावर घासून पाहिले तर ते टिकत नाही. पहिला पुरावा झेट्शे यांचाच. ते जर्मन, मर्सिडीजमध्ये वाढलेले. तरी डेट्रॉइटने त्यांना स्वीकारले. इतके की २००६ साली क्रायस्लरच्या अमेरिकी जाहिरातींत 'डॉक्टर झी' म्हणून तेच झळकले. दुसरा पुरावा गाडीचा. मर्सिडीजचे गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनचे भाग वापरून २००४ साली आलेली 'क्रायस्लर ३००' अमेरिकेत भरपूर खपली. म्हणजे दोन देशांचे अभियंते एकत्र काम करू शकत होते, करू दिले तेव्हा. पण मर्सिडीजच्या नावाला धक्का लागेल या भीतीने भागांची देवाणघेवाण बराच काळ हातचे राखून झाली. तिसरा पुरावा सगळ्यांत बोलका. जीप ग्रँड चेरोकीची जी पिढी २०१० साली बाजारात आली तिचा सांगाडा मर्सिडीजच्या एम-क्लासशी नाते सांगणारा होता. विलीनीकरणाचे खरे अपत्य जन्मले ते काडीमोडानंतर तीन वर्षांनी.

मग बिघडले कुठे? थोडे उत्पादनांच्या चक्रात. क्रायस्लरचा १९९० च्या दशकातला नफा मिनीव्हॅन, जीप आणि पिकअप ट्रक या तीन खांबांवर उभा होता. १९९७ साली तो २.८ अब्ज डॉलर होता. तिन्ही खांबांवर प्रतिस्पर्धी चढून आले, सवलती देऊन माल खपवावा लागला, आणि २००० च्या तिसऱ्या तिमाहीत क्रायस्लरला ५१ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. थोडे हावरेपणात. अमेरिकेतली घडी बसण्याआधीच २००० साली जपानच्या मित्सुबिशीत ३४ टक्के आणि कोरियाच्या ह्युंदाईत १० टक्के भाग घेतले गेले. पण एक कारण असे आहे की ज्याला पुस्तकांत तळटीपेची जागा मिळते आणि जे माझ्या दृष्टीने मध्यभागी असायला हवे. ते म्हणजे पुरवठादारांचा विश्वास.

क्रायस्लरने १९८९ च्या सुमारास 'स्कोर' नावाची पद्धत सुरू केली होती. खरेदी खाते सांभाळणारे स्टॉलकॅम्प तिचे प्रवर्तक. आपल्याकडे मोठी कंपनी वर्षाला एक पत्र पाठवते : पुढील तारखेपासून दर इतके टक्के कमी. 'स्कोर'मध्ये उलटे होते. खर्च कुठे वाचेल हे पुरवठादाराने सुचवायचे, वाचलेल्यातला वाटा त्यालाही मिळायचा. पत्र्याचा जाडपणा बदला, दोन नटांऐवजी एक वापरा, खोक्याचे माप बदला, असल्या हजारो सूचनांतून क्रायस्लरने मोठी बचत केली. स्टोअरमध्ये बसलेल्या माणसाला हे ऐकून जे वाटते ते कुठल्याही पदवीधराला वाटणार नाही. कारण खोक्याचे माप चुकीचे आहे हे स्टोअरवाल्याला पहिल्या दिवशी कळते, आणि ते विचारायला सहसा कुणी येत नाही.

डिसेंबर २००० मध्ये, स्टॉलकॅम्प जाऊन वर्ष उलटल्यावर, क्रायस्लरने पुरवठादारांना कळवले की १ जानेवारी २००१ पासून दर सरसकट पाच टक्क्यांनी उतरवावेत. पत्र आले. तोट्यात गेलेल्या कंपनीने काटकसर करणे अपेक्षितच. पण दहा-अकरा वर्षे विचारून घेतलेली बचत एका हुकमाने मागितली गेली. ज्या सवयीमुळे क्रायस्लर कमी पैशांत नवी गाडी काढणारी कंपनी म्हणून ओळखली जात होती, आणि ज्या ओळखीमुळे ती डेमलरला हवीशी वाटली, ती सवय अशी मोडली. विकत घेतलेली गोष्टच घेणाऱ्याच्या हातात उरली नाही. याला मी संस्कृतिसंघर्ष म्हणणार नाही. हा निर्णय होता, आणि निर्णयाला तारीख असते.

पुढच्या तारखाही सांगायला हव्यात. २९ जानेवारी २००१ : तीन वर्षांत २६ हजार नोकऱ्या कमी करण्याची आणि सहा कारखाने बंद करण्याची घोषणा. त्याच वर्षी १९२८ पासून चालत आलेली प्लिमथ ही ओळख बंद. कुर्ल्याच्या जुन्या कामगारांना जे नाव पाठ होते ते जगातूनच गेले. १४ फेब्रुवारी २००७ : आणखी १३ हजार नोकऱ्या. १४ मे २००७ : क्रायस्लरचे ८०.१ टक्के भाग सर्बेरस या गुंतवणूक संस्थेला ७.४ अब्ज डॉलरला दिल्याची घोषणा, आणि त्यातली बहुतांश रक्कम क्रायस्लरमध्येच घातली जाणार असल्याने हिशेब मिटेपर्यंत डेमलरलाच पदरचे द्यावे लागले. ३० एप्रिल २००९ : क्रायस्लर दिवाळखोरीत. त्या प्रक्रियेत ७८९ विक्रेत्यांचे करार रद्द झाले. यांतले किती तरी गावोगावी पिढीजात धंदा करणारे. निवृत्त कामगारांच्या औषधपाण्याची जबाबदारी एका न्यासाकडे गेलेली होती. त्या न्यासाला रोकड पुरेशी न मिळता दिवाळखोर कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग मिळाले. पंचतारांकित हॉटेलात न मिळालेली बरोबरी शेवटी निवृत्तांच्या वाट्याला आली, ती जोखमीत.

या यादीसमोर एक प्रामाणिक आक्षेप ठेवला पाहिजे. एकटी क्रायस्लर तरी तगली असती का? २००८ च्या मंदीत जनरल मोटर्ससुद्धा दिवाळखोरीत गेली, तिचे कुणाशी लग्न लागलेले नव्हते. शिवाय क्रायस्लर काही अबला नव्हती. १९८७ साली तिने अमेरिकन मोटर्स गिळली, जीपचे नाव ठेवले आणि पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या केनोशाची गाडी-जोडणी थांबवली. केनोशाच्या कामगारांनी २००१ ची बातमी वाचली असेल तेव्हा त्यांना त्यात नवे फारसे दिसले नसणार. आणि जर्मन पद्धतीचा एक चांगला भागही इथे नोंदवायला हवा : वीस जणांच्या पर्यवेक्षक मंडळात दहा जागा कामगारांच्या असतात, आणि त्यातली एक अमेरिकी वाहन कामगार संघटनेच्या अध्यक्षांना दिली गेली. डेट्रॉइटच्या कामगाराला मिळालेली ही खुर्ची स्टुटगार्टच्या कायद्यामुळे मिळाली.

हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा राहतो. दोन कंपन्या एक व्हाव्यात की नाही, हा माझा वाद नाही. 'बरोबरीचे' हा शब्द वापरून दिशा लपवल्याने कोणते प्रश्न विचारलेच गेले नाहीत, हा आहे. क्रायस्लर हा डेमलरचा विभाग होणार, असे मे १९९८ मध्येच सांगितले असते, तर अमेरिकी भागधारकांनी जादा किंमत मागितली असती. संघटनेने कारखान्यांबद्दल लेखी हमी मागितली असती. पुरवठादारांनी 'स्कोर'चे काय होणार ते विचारले असते. आणि कदाचित व्यवहार मोडलाही असता. मोडला असता तर ते नुकसान कुणाचे, हेही उघडपणे मांडता आले असते. गोव्यात झाले तसे.

तुलनेसाठी लांब जायला नको. डेमलर-बेन्झ ही कंपनीच मुळात विलीनीकरणातून जन्मली. पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत डेमलर आणि बेन्झ या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १ मे १९२४ ला सामायिक हितसंबंधांचा करार केला. दोन वर्षे खरेदी, विक्री, आखणी एकत्र करून पाहिली, आणि मग २८ जून १९२६ ला त्या एक झाल्या. दडपण तेव्हाही होते, बँकेचे होते. पण संसार आधी आणि नाव नंतर, असा क्रम होता. एकीचा तारा आणि दुसरीची पानांची माळ एका चिन्हात आली. बहात्तर वर्षांनी त्याच कंपनीने क्रम उलटा केला : नाव आधी ठरले, पहिल्या वर्षी १.४ अब्ज डॉलर वाचतील हे जाहीर झाले, आणि काय एकत्र करायचे याचा शोध नंतर सुरू झाला. त्या नव्या नावात जागा व्हावी म्हणून गळाले ते 'बेन्झ'. ऑक्टोबर २००७ मध्ये क्रायस्लर गेल्यावर कंपनीचे नाव पुन्हा बदलले, तेव्हाही 'बेन्झ' परत आले नाही. नुसते 'डेमलर' राहिले.

क्रायस्लर पुढे २००९ साली इटलीच्या फियाटकडे गेली. ती सोयरीक बरोबरीची असल्याचा आव कुणी आणला नाही; कोण चालवणार हे पहिल्या दिवशी ठरलेले होते, आणि इटालियन सांगाड्यांवर अमेरिकी गाड्या उघडपणे बेतल्या गेल्या. पुढे २०२१ साली त्या कंपनीचे फ्रान्सच्या प्यूजो गटाशी विलीनीकरण होऊन स्टेलांटिस झाली. आज पुण्याजवळच्या रांजणगावला फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात जीप कंपास बनते. १९४७ नंतर महिंद्रांनी मुंबईत जोडली ती जीप विलिसची. त्यानंतर हे नाव कैसर, अमेरिकन मोटर्स, क्रायस्लर, डेमलर, सर्बेरस, फियाट अशा घरांतून फिरून रांजणगावला पोचले. नाव टिकले. प्रत्येक घर बदलताना काय गळले याची नोंद मात्र नावात राहत नाही.

म्हणून वाचकांनी यापुढे कुठल्याही दोन कंपन्यांच्या, बँकांच्या, अगदी दोन सहकारी साखर कारखान्यांच्या 'बरोबरीच्या' एकत्रीकरणाची बातमी वाचली, तर चार प्रश्न विचारावेत. नोंदणी कुठल्या कायद्याखाली? मंडळात कुणाची माणसे किती? दोघांपैकी कोण कधी जाणार आहे? आणि माल पुरवणाऱ्याला पुढच्या जानेवारीत कसले पत्र येणार आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे करारात सापडतात. चौथ्याचे सापडत नाही, कारण तो विचारणारा त्या टेबलाशी नसतो.